थिबाच्या राजवाड्यात एक दुपार



या व्यासपीठावर इतिहासाविषयी बोलावयास इतिहासाचे प्राध्यापक येतात, अशी आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, एस.टी.च्या थांब्यावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर वकिलाची वाट पाहताना. तेव्हा इतिहास सांगण्याचा आव मी आणणार नाही. रत्नागिरीच्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयात माझे दोन-अडीच तास गेले. तेथे काय पाहिले आणि बाहेर पडताना मनाला कोणती टोचणी लागली, एवढेच सांगणार आहे. मी 'कामगार चळवळीची वाटचाल' असा काहीतरी विषय देईन, अशी चिटणीसांची अपेक्षा होती. विषय ऐकून ते थोडे गप्प झाले. पण त्यांना मी तेव्हाच म्हटले होते की, पाहू या, कदाचित हा विषय तोच निघेल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या काही बायांच्या थकलेल्या मजुरीचे प्रकरण चालू होते आणि त्याची तारीख रत्नागिरीस एका कार्यालयात लागली होती. त्या बायांपैकी दोघी आणि मी असे तिघे पहाटेच्या एस.टी.ने निघालो आणि दहाच्या ठोक्याला हजर झालो. साडेअकराला कारकुनाने बाहेर येऊन सांगितले की, साहेब दौऱ्यावर आहेत, तारीख पुढे गेली. अशा तारखा आम्हांला नव्या नाहीत. पण बायांची त्या दिवसाची मजुरी बुडाली, भाड्याचे पैसे गेले, आणि परतीची गाडी होती चार वाजता. दोघींपैकी धाकटीचे माहेर रत्नागिरीच्या जवळपासचे. ती म्हणाली, "भाऊ, लहानपणापासून थिबाराजाचं नाव ऐकतेय, पण आत कधी गेले नाही. आज वेळ आहे तर जाऊ या." दुसरी वयाने मोठी, तिला सारेच काकी म्हणतात. तिचे म्हणणे पडले की, सावलीत बसायला मिळाले तर कुठेही चालेल. असे आम्ही वस्तुसंग्रहालयात गेलो. ज्ञानाच्या तळमळीने गेलो असे सांगण्यात अर्थ नाही.

रत्नागिरी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. लोकमान्यांचे हे जन्मगाव. सावरकरांना सरकारने स्थानबद्ध करून ठेवले तेही येथेच. मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे काय गजबज असेल ती असेल, पण दुपारी बारानंतर हे गाव एखाद्या जेवून पहुडलेल्या गृहस्थासारखे शांत असते. गावाच्या एका अंगाला उंचवट्यावर थिबाचा राजवाडा आहे. तेथून भाट्याची खाडी आणि तिच्या पलीकडे समुद्र दिसतो. तांबडी, उतरत्या छपरांची, तीन मजली इमारत. पुढे मोकळे आवार. खिडक्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी आणि त्यांत कोरीव लाकूडकाम. 'राजवाडा' म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभे राहते ते येथे नाही. एखाद्या मोठ्या सरकारी अधिकाऱ्याचा बंगला वाढत वाढत राजवाडा झाला असावा, तसे ते दिसते. तेथे राज्य शासनाचे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. अल्पसे तिकीट काढून आम्ही आत गेलो.

आत राजाच्या संबंधातील थोड्या वस्तू, काही छायाचित्रे, जुन्या मूर्ती. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे मोठे दालन आहे. मागच्या बाजूच्या दालनात बुद्धाची मूर्ती आहे. ती राजाने आपल्या देशातून बरोबर आणली असे सांगतात. संग्रहालय लहान आहे याचा मला आनंदच झाला. मोठ्या संग्रहालयात माणूस पाय दुखेपर्यंत चालतो आणि घरी जाऊन त्याला काही आठवत नाही. लहान संग्रहालयात एका वस्तूपुढे उभे राहण्याची सोय असते. काकी एका काचेपुढे बराच वेळ उभी होती. बिया फोडून फोडून काजूच्या तेलाने काळी झालेली तिची बोटे त्या काचेवर टेकलेली होती. ती म्हणाली, "राजाचं म्हणता, आणि सामान येवढंच?"

त्या प्रश्नाला तेव्हा माझ्याजवळ नीट उत्तर नव्हते. परत आल्यावर मी ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचली, आणि जे समजले ते आपणांस थोडक्यात सांगतो.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. बाप मिंडॉन १८७८ साली वारला तेव्हा हा १९ वर्षांचा. गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी, १८७९ साली, राजघराण्यातील सुमारे ८० स्त्रीपुरुष आणि मुले राजवाड्यात मारली गेली, गादीला वारस उरू नये म्हणून. ती आज्ञा राजाची होती, राणी सुपयालतची, की तिच्या आईची आणि मंत्र्यांची, यावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मरणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नाही. हे आधीच सांगितले, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून मी राजाचा कैवार घेतो आहे असे कोणास वाटू नये. राजांचा कैवार घेणे हे माझे काम नव्हे.

हे राज्य बुडाले त्यात सागवानाचा मोठा हात आहे. त्या कमानीतल्या खिडक्यांकडे मी पाहत होतो तेव्हा हे मला ठाऊक नव्हते.

सागाचा व्यवहार कसा चाले तो ऐकण्यासारखा आहे. ओला साग पाण्यात तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल खाच घेतात. वर जाणारा रस तुटतो आणि झाड उभ्याउभ्या वाळते. दोन-तीन वर्षांनी ते पाडायचे, हत्तींकडून ओढ्याच्या पात्रात आणून टाकायचे आणि पावसाची वाट पाहायची. पूर आला की ओंडके नदीला लागतात. नदीत त्यांचे तराफे बांधून ते बंदराकडे न्यायचे. एका झाडाला रानातून बंदरापर्यंत यायला कित्येक वर्षे लागत. त्या सर्व काळात भांडवल गुंतून पडे कंपनीचे, हे खरे; पण रानातला हिवताप आणि ओंडक्याखाली सापडणारा पाय हा कंपनीचा नसे.

या धंद्यातली मोठी कंपनी म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. नावाप्रमाणेच ती आपल्या मुंबईत, १८६३ साली स्थापन झालेली. इंग्रज मालक पुढे गेले, मालकी बदलली, पण ते नाव आजही मुंबईच्या शेअर बाजारात आहे. १८८५ साली मंडालेच्या राजसभेने या कंपनीवर ठपका ठेवला की, निंग्यानच्या रानातून ओंडके नेले जास्त आणि हिशेबात दाखवले कमी, आणि राजाचा महसूल बुडवला. दंड सांगितला तो सुमारे २३ लाख रुपयांचा. त्या खटल्यात आणखी एक मुद्दा होता, तो मी पुस्तकात वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचला: रानातल्या लाकूडतोड्यांचे पैसे कंपनीने पुरते दिले नाहीत, अशी तक्रार होती. म्हणजे थकलेली मजुरी! ज्या कामासाठी आम्ही तिघे त्या दिवशी रत्नागिरीस गेलो होतो, तीच.

कंपनीने आरोप नाकबूल केले. कोणाचे खरे? मी ३० वर्षे मालकांचे हजेरीपट आणि पगारपत्रके पाहत आलो आहे, तेव्हा माझा कल कोणीकडे जाईल हे आपण ओळखले असेलच. परंतु माझा कल म्हणजे पुरावा नव्हे, आणि राजाला पैशाची नड होती हेही तितकेच खरे. काही झाले तरी, इंग्रज सरकारला निमित्त हवे होते ते मिळाले. राजाने फ्रेंचांशी सूत जमवले होते, त्याचा सल होताच. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्यास फौजा आगबोटींतून इरावतीने वर चढल्या, आणि २८ नोव्हेंबरला मंडाले पडले. दोन आठवड्यांचे युद्ध. दुसऱ्या दिवशी राजाराणीला बाहेर काढून नदीकाठी आगबोटीवर चढवले. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचा मुलूख इंग्रजी राज्यास जोडल्याचे जाहीर झाले.

राजाला आधी मद्रासला नेले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. वय वर्षे २७. रत्नागिरीच का? तर तेथे रेल्वे नव्हती, मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने समुद्रही बंद. कोकण रेल्वे पुरती चालू झाली ती १९९८ साली, यावरून इंग्रजांनी जागा किती विचारपूर्वक निवडली होती हे दिसेल. याच्या उलट वाटेने जवळजवळ तीस वर्षे आधी एक राजा गेला होता. दिल्लीचा बहादूरशहा जफर १८५८ साली रंगूनला नेला गेला आणि १८६२ साली तेथेच वारला. इकडचा राजा तिकडे आणि तिकडचा इकडे. सरकारी हिशेब!

चोवीस वर्षे थिबा बंगल्यांतून राहिला. आपण पाहतो तो राजवाडा सरकारने बांधला, तो पुरा झाला १९१० साली, आणि त्यात राजाला सहा वर्षे मिळाली. तनखा पुरत नसे, कर्ज होई, बरोबर आणलेली जवाहीर एकेक करून विकली जाई. काही माणके तर मंडालेतच, सुरक्षित ठेवतो म्हणून घेतलेली, परत मिळाली नाहीत, अशी त्याची शेवटपर्यंत तक्रार होती आणि त्यासाठी तो अर्जांवर अर्ज करी. राजा काय आणि मजूर काय, अर्ज करणाऱ्याला उत्तर एकाच मायन्याचे येते. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. काकीला सामान इतके थोडे का दिसले त्याचे उत्तर हे असे आहे.

पण या घराण्यातली एक गोष्ट राजापेक्षाही मला जवळची वाटते. थोरल्या राजकन्येचे मन राजाच्या दारावरील सावंत नावाच्या दरवानावर बसले आणि तिला मुलगी झाली. तिचे नाव टूटू. राजा गेल्यावर १९१९ साली राणी आणि मुली ब्रह्मदेशास परत गेल्या. थोरली राजकन्या मात्र मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ साली तेथेच वारली. टूटू मराठी बोलत, मराठी माणसाशी संसार करत, गरिबीत, रत्नागिरीतच जन्मभर राहिली. शेण्या थापून विकल्या, कागदाची फुले केली. ती वारली २००० साली. म्हणजे आपण सारे जिवंत असताना! डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीला वंदन करावयास रत्नागिरीस आले, तेव्हा राजाच्या या नातीला जाऊन बारा वर्षे झाली होती. त्या आवारातून मी फिरलो तेव्हा हे मला ठाऊक असते तर काकीला सांगितले असते. शेण्या तीही थापते.

आता त्या दुपारकडे परत येतो. वरच्या दालनात आम्ही उभे होतो. पहारेकरी भला माणूस होता. कोणत्या खिडकीतून खाडी चांगली दिसते ते त्याने आपण होऊन दाखवले. मी पाट्या वाचून दोघींना सांगत होतो. धाकटी लक्ष देऊन ऐकत होती. काकी मात्र खाली फरशीकडे पाहत होती. ती मध्येच म्हणाली, "भाऊ, येवढी फरशी रोज पुसायला बाया किती लागत असतील हो?"

धाकटी हसली. पहारेकरीही हसला. मलाही हसू आले, पण ते पुरते उमटले नाही. कारण हा प्रश्न विचारावयास हवा होता मी. तीस वर्षे संघटनेचे काम करणारा माणूस राजवाड्यात शिरला आणि पहिल्या पाच मिनिटांत तोही राजाकडेच पाहू लागला! जांभ्याचे चिरे खाणीतून कोणी काढले, छपराची तुळई कोणी चढवली, ती कमान कोणत्या सुताराच्या हातची, लाकूड कोणत्या रानातले. यांपैकी एकही गोष्ट मला त्या भिंतींवर लिहिलेली आढळली नाही, आणि काकी बोलेपर्यंत ती नाही हे ध्यानातही आले नव्हते.

खिडकीपाशी उभा राहून मी समुद्र पाहत होतो. या किनाऱ्यावर राजाला आणून ठेवले ते येथून बाहेर पडता येत नाही म्हणून. आणि नेमक्या त्याच काळात याच किनाऱ्यावरून हजारो माणसे बाहेर पडत होती, घरी खायला नाही म्हणून. वळकटी, एक गाठोडे, तांदळाची पिशवी घेऊन आगबोटीच्या फळीवर बसून मुंबईस उतरायचे, गावच्या खोलीत वीस-वीस जणांनी आळीपाळीने निजायचे, गिरणीत बदलीवर लागायचे. त्या काळची खानेसुमारी पाहा. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत जेवढे कामगार होते त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. तेव्हाच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग येई. राजवाडा पुरा झाला १९१० साली. एका राजाचे सहा वर्षांचे बिऱ्हाड उभे आहे, आणि निम्मी गिरणी चालवणाऱ्या माणसांची त्याच गावात मला पाटीसुद्धा दिसली नाही. मंडाले पडण्याच्या एकच वर्ष आधी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला: आठवड्याची सुटी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या. रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. त्या साडेपाच हजारांत रत्नागिरीची किती माणसे असतील! अंगठेच पुष्कळ असतील.

माझे वडीलही असेच गेलेले. साचेखात्यात होते. मी लहानपणी त्यांना ओळखत असे ते मुख्यतः मनीऑर्डरीच्या खालच्या चिटोऱ्यावरील चार ओळींवरून. त्याही ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अडीच लाख माणसे बाहेर पडली. तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. तो तसाच विरत गेला आणि वडील एके दिवशी पत्र्याची पेटी घेऊन गावी आले, ते परत गेले नाहीत.

खिडकीत उभे राहून मी मनात म्हणालो की, या चाकरमान्यांचे एखादे दालन असते तर त्यात काय मांडले असते? मनीऑर्डरीची पावती, हजेरीचे कार्ड, खानावळीचे खाते, संपाचे पत्रक. आणि हे मोजता मोजता माझा हात जणू विंचवावर पडला. कारण त्यांतले पुष्कळसे एके काळी माझ्या ताब्यात होते.

ही गोष्ट मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. आमच्या भागात साचेखात्यातले एक जुने कार्यकर्ते होते. संपानंतर गावी आले होते. मरण्याच्या आधी त्यांनी दोन ट्रंका आमच्या युनियनच्या कचेरीत आणून ठेवल्या. त्यांत वर्गणीच्या पावतीपुस्तकांचे मागे राहिलेले अर्धे भाग होते, आणि संपाच्या काळात गावोगाव धान्य वाटले त्याच्या याद्या होत्या: नाव, गिरणी, खाते, तिकीट नंबर, गावचा पत्ता. अक्षर मोत्यासारखे. २००४ साली कचेरीची खोली सोडावी लागली, नवी खोली होती निम्मी. मी त्या ट्रंका उघडल्या, वरवर पाहिले, आणि संप संपला, गिरण्या संपल्या, आता हे कोणाला हवे, असे म्हणून रद्दीवाल्याला बोलावले. ३७ किलो भरले. चार रुपये दराने १४८ रुपये आले, ते नव्या खोलीच्या रंगाला लागले. हे कोणी मालकाने केले नाही, सरकारने केले नाही. मी केले.

पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची योजना आली. पहिली सोडत निघाली २०१२ साली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो हजेरीपटावर होता, त्याला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता येणार. मग कागदांची शोधाशोध सुरू झाली. गावोगावच्या विधवा, पोरे, पेट्या उपसू लागली. कोणाकडे फंडाची पावती, कोणाकडे विम्याचे कार्ड, कोणाकडे काहीच नाही, कारण पावसात घर गळले आणि कागदाचा लगदा झाला. लांज्याकडची एक बाई माझ्याकडे आली. नवरा वारून वीस वर्षे झालेली. तिच्याजवळ त्याचा एक फोटो होता आणि गिरणीचे नाव तोंडपाठ होते, तेवढेच. तिने त्या जुन्या कार्यकर्त्याचे नाव घेतले. म्हणाली, "ते आमच्याकडं धान्य देऊन अंगठा घ्यायचे. त्यांचे कागद तुमच्याकडं आहेत असं ऐकलं, भाऊ."

मी म्हणालो, "जुने कागद आता राहिले नाहीत, ताई." 'राहिले नाहीत' असे म्हणालो. 'विकले' असे म्हणालो नाही. भाषेची ही सोय फार मोठी आहे; सरकारी पत्रांतून मला ती नेहमी चीड आणते. त्या यादीवर तिला घर मिळालेच असते, असा माझा दावा नाही. युनियनच्या धान्यवाटपाची यादी कार्यालयाने पुरावा म्हणून धरली असती की नाही, सांगता येत नाही. पण तिच्या नवऱ्याचा तिकीट नंबर त्यात असणार. नंबर हाती असता तर पुढचा शोध घेता आला असता. ती उठली, मला नमस्कार केला आणि गेली. नमस्कार केला, हे मला अधिक लागते.

राजवाड्यातून आम्ही तीन वाजता निघालो. स्थानकावर चहा घेताना हे सारे मी त्या दोघींना सांगितले. का सांगितले कोण जाणे. धाकटी काही बोलली नाही. काकीने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग भाऊ, आमच्या ह्या तारखेचा कागद तरी नीट ठेवा." मी पिशवीत पाहिले. कारकुनाने दिलेली नव्या तारखेची चिठ्ठी मी चार घड्या घालून खिशात कोंबली होती, तिची एक कड चहाने भिजली होती.

त्यानंतर कचेरीत मी एक लोखंडी कपाट घेतले आहे. त्यात पहिला कागद तो. काजूच्या बायांची हजेरीची वही त्यात आहे. ती त्या स्वतः ठेवतात, धाकटी सही करावयास शिकली आहे आणि इतरांच्या अंगठ्याखाली नाव तीच लिहिते. मिरकरवाड्याच्या होड्यांवर नेपाळी खलाशी कामाला असतात. पोरे दूरदेशची, हंगाम संपला की जातात, आणि कोण आले कोण गेले याची दाद नसते. त्यांच्यापैकी जे आमच्याकडे येतात त्यांचे नाव, गाव आणि होडीचा नंबर आम्ही लिहून ठेवतो. वडिलांच्या पेटीत शोधले तर तळाशी कागद अंथरलेला होता, तो एका संपपत्रकाचा निघाला. अर्धे पत्रक उंदराने खाल्ले आहे. तेही ठेवले आहे. एका शिक्षकाने सांगितले की, कागदांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा आणि पावसाळ्यानंतर एकदा वाऱ्यावर काढावे, तसे करतो. कोणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल आणि जागेची अडचण होत असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला एक निरोप द्यावा. आणावयास मी येईन, भाडे माझे.

बायांचे प्रकरण पुढे आणखी चार तारखांनंतर निकाली निघाले. मजुरी मिळाली, व्याज मिळाले नाही. त्या निकालपत्राची प्रत कपाटात आहे.

लांज्याच्या बाईकडे मी अजून गेलेलो नाही. आज हे आपणां सर्वांपुढे बोललो, आणि ते पुस्तकातही छापले जाईल असे चिटणीस म्हणाले. छापून तिच्या कानी जाण्याच्या आधी मी स्वतः जाऊन सांगणे बरे. येत्या बुधवारी लांज्याला जाणारी पहिली गाडी सव्वासहाची आहे.